लहानग्यांना दिलेला शब्द

२०२३च्या जून महिन्यातील ती सकाळ माझ्या मनातून जात नाही. बंगळुरूच्या जयनगर भागातील एका शिशुविहाराच्या फाटकापाशी आम्ही तिघे उभे होतो : माझा मुलगा, त्याची तीन वर्षे दोन महिन्यांची लेक आणि मी. नातीचा तो पहिला दिवस. बापाचे बोट तिने घट्ट धरून ठेवले होते. शिक्षिकाबाईंनी (येथे सर्वजण त्यांना ‘मिस’ म्हणतात) हसत हात पुढे केला. मुलाला व्हाईटफील्ड गाठायचे होते आणि त्या रस्त्याची ज्यांना कल्पना आहे त्यांना त्याची घाईही समजेल. तो खाली वाकून म्हणाला, “तू मिसबरोबर आत जा राणी, मी गाडी नीट लावून येतो हं.” ती गेली. तोही गेला. तो परत येणार नाही हे मला ठाऊक होते, आणि मी काही बोलले नाही.

दुपारी तिला आणावयास गेले तेव्हा मिस कौतुकाने म्हणाल्या, “शहाणी आहे हो तुमची नात, मुळीच रडली नाही.” मग सहज बोलल्यासारखे त्यांनी पुढे सांगितले, की ती सगळा वेळ रस्त्याकडच्या खिडकीशी उभी होती. खाऊ खाल्ला नाही, खेळण्यांना हात लावला नाही. एखादी गाडी थांबल्याचा आवाज आला की टाचा उंच करून पाही. मी घरी आल्यावर सुनेला त्यातला पहिला भागच सांगितला. रडली नाही, एवढाच.

पुढचे दोन-तीन आठवडे कठीण गेले. घरातील कोणी चपला घातल्या की नात दारात आडवी उभी राही. कचरा ठेवण्यासाठी मी जिन्यापर्यंत गेले तरी पदर धरून मागे येई. रात्री अंथरूण ओले होऊ लागले, जे वर्षभरापूर्वीच थांबले होते. शिशुविहारात ती रोज जात होती, फार विरोधही करीत नव्हती. पण तेथे तिने एक शब्दही उच्चारला नाही. घरी मराठीत अखंड चिवचिवणारी ही मुलगी फाटकाच्या आत पाऊल टाकताच मुकी होई. जून संपला, जुलै गेला, ऑगस्टही आला.

मी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली. निवृत्तीनंतर नातीला सांभाळण्यासाठी म्हणून बंगळुरूला आले तेव्हा ‘मी दोन मुले वाढविली आहेत, मला कोण काय शिकविणार’ असा ताठा माझ्यातही होता. तो उतरला, आणि मी वाचू लागले, जाणत्यांना विचारू लागले. त्यातून जे हाती लागले ते आपल्या परिवारातील वाचकांपुढे ठेवावेसे वाटले. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज अशाच एखाद्या परगावी, कुठल्या तरी फाटकापाशी उभी असतील.

न रडणारी मुले

‘लहान मुलांना काय कळते’ हा आपल्याकडील फार जुना समज. मूल रडले नाही म्हणजे त्याने मानून घेतले, असे आपण धरून चालतो. लंडनमधील जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक छोटा चित्रपट तयार केला होता. दोन वर्षे पाच महिन्यांची एक मुलगी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, इतकेच त्याचे कथानक. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालयांत आईबापांना मुलाजवळ राहू देत नसत. ही मुलगी फारशी रडत नाही. ती आवंढा गिळते, आपले खेळणे छातीशी धरते, आईबद्दल विचारते आणि गप्प होते. शेवटी आई घरी न्यायला येते तेव्हा ती आईचा हात धरीत नाही. तो चित्रपट पाहून अनेक डॉक्टर मंडळी रागावली. आपल्या वॉर्डांतील मुले सुखात असतात, असे त्यांना मनापासून वाटत होते. रॉबर्टसन यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी माता आणि बालक यांच्यातील बंधाविषयी पुढे जे विवेचन केले, ते आज जगभर बालमानसशास्त्राचा पाया मानले जाते. इंग्लंडमध्ये १९५९ साली एका सरकारी समितीने रुग्णालयांची दारे पालकांना खुली करावीत अशी शिफारस केली, तीमागे या कामाचा मोठा वाटा होता.

मी हे वाचले त्या रात्री मला खिडकीशी टाचा उंचावणारी नात दिसत राहिली.

साधारणपणे आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळाला ‘आपले’ आणि ‘परके’ यांतील भेद स्पष्ट होतो, आणि आई दृष्टीआड झाली की ते कासावीस होते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ही कासाविशी पुष्कळ कमी होते, कारण आता ते आईची प्रतिमा मनात धरून ठेवू शकते. मात्र ती प्रतिमा टिकून राहावयाची तर गेलेले माणूस परत येते, हा अनुभव वारंवार यावा लागतो. एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने १९५० साली माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले, त्यांतील अगदी पहिला टप्पा त्याने विश्वास आणि अविश्वास यांच्या झगड्याचा मानला. चालणे, बोलणे, स्वतः जेवणे, मित्र जोडणे हे सारे त्यानंतरचे.

आपल्याकडील जुन्या ग्रंथकारांनीही या बाबीचा विचार केला होता, हे वाचून मला फार समाधान वाटले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळाच्या खेळण्यांविषयी बारकाईने लिहिले आहे : ती रंगीत असावीत, हलकी असावीत, नाद करणारी असावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील इतकी लहान नसावीत, भीती वाटेल अशीही नसावीत. त्याच ठिकाणी असेही बजावले आहे, की मूल रडत असले, जेवत नसले, ऐकत नसले तरी राक्षस, पिशाच्च, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये. आणि आपण? बागुलबुवा, पोलीस, इंजेक्शनवाले डॉक्टर, झोळीवाला म्हातारा, सारे आपल्या स्वयंपाकघरात घासागणिक हजर असतात. माझ्या मुलांना मी याच पाहुण्यांच्या साहाय्याने जेवू घातले, हे येथे कबूल करणे बरे.

आणखी एक कबुली द्यायची आहे. गाडी लावण्याचे निमित्त मुलाने सांगितले खरे. पण तसल्या युक्त्या घरात मीच रुजविल्या होत्या. भाजी आणायला जायचे असले की मी नातीला म्हणे, “तू पडद्यामागे लप, मी शोधते.” ती लपली की मी हळूच दार ओढून घेई. सांभाळणाऱ्या बाई तिला रमवीत. मी परत येई तेव्हा ती कधी पडद्यामागेच उभी असे. त्यावर आम्ही सगळे हसत असू.

थांबणारी मुले, न थांबणारी मुले

बँकेच्या मासिकात लिहिताना बचतीचा विषय निघावयाचाच. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने केलेला प्रयोग अनेकांनी व्याख्यानांतून ऐकला असेल. मुलासमोर एक मिठाई ठेवायची आणि सांगायचे, “मी बाहेर जाऊन येतो. तोवर ही खाल्ली नाहीस तर दोन मिळतील.” काही मुले थांबत, काही थांबत नसत. पुढे काही वर्षांनी त्याच मुलांची माहिती घेतली तेव्हा थांबणारी मुले अभ्यासात व वागणुकीत सरस आढळली, आणि ‘संयमी बालक तोच यशस्वी नागरिक’ असा डंका पिटला गेला. आमच्या प्रशिक्षण केंद्रातही एका अधिकाऱ्यांनी हा दाखला देऊन आम्हाला आवर्ती ठेवींचे महत्त्व पटवून दिल्याचे स्मरते.

गोष्ट तेथेच संपत नाही. २०१८ साली नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासून तो निष्कर्ष पुन्हा पडताळला गेला. घरची सांपत्तिक स्थिती, आईचे शिक्षण, घरातील वातावरण हे सारे जमेस धरल्यावर मिठाईपुढील संयम आणि पुढील यश यांतील नाते फारच क्षीण झाले. त्याआधी, २०१३मध्ये, रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी जे करून पाहिले ते मला अधिक मोलाचे वाटते. तीन ते पाच वर्षांची अठ्ठावीस मुले त्यांनी घेतली. मिठाईच्या आधी प्रत्येक मुलाला चित्रकलेचे जुजबी साहित्य देऊन सांगितले, “जरा थांबलास तर मी याहून छान साहित्य आणतो.” अर्ध्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्या अर्ध्यांना परत येऊन सांगितले, “माफ कर, आमच्याकडे ते नाहीच.” त्यानंतर मिठाईची परीक्षा. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांची फसवणूक झाली होती ती तीन मिनिटे. पहिल्या गटातील चौदापैकी नऊ मुलांनी पूर्ण पंधरा मिनिटे वाट पाहिली, दुसऱ्या गटातील चौदापैकी एकाने.

याचा अर्थ लक्षात घ्यावा. ती फसविली गेलेली मुले हावरट नव्हती की हट्टी नव्हती. समोरच्या माणसाच्या शब्दाची किंमत त्यांनी अचूक केली होती. जो देणार नाही त्याच्याकरिता थांबायचे कशाला?

कर्नाटकात १९२८ साली सिंडिकेट बँकेने (तेव्हा तिचे नाव वेगळे होते) ‘पिग्मी’ ठेव सुरू केली. रोज दोन-चार आणे बाजूला टाकणारी माणसे, आणि ते घ्यायला रोज दारात येणारा प्रतिनिधी. आमच्या लहानपणी कोल्हापुरातही पिग्मीवाले काका असत. ते ठरलेल्या वेळी येत, वहीत लिहून सही करीत आणि जात. बँकेची इमारत आईने कधी पाहिलेली नव्हती. तिला काका ठाऊक होते. काका एखाद्या दिवशी आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी का आले नाही हे सांगत. मूल आपल्या आईबापांची पत साधारण अशीच जोखत असावे.

घरातील नवा रिवाज

आम्ही काय केले, ते सांगते. त्यात विशेष काही नाही.

प्रथम मुलाने नातीची क्षमा मागितली. त्याला ते अवघड गेले. “आई, तिला आठवत तरी असेल का?” असे तो म्हणाला. जमिनीवर बसून त्याने तिला सांगितले, “त्या दिवशी बाबा ‘गाडी लावून येतो’ म्हणाला आणि आला नाही. बाबाचे चुकले.” ती काही बोलली नाही. उठून तिने त्याच्या गाडीची किल्ली आणली आणि आपल्या खेळण्यांच्या डब्यात ठेवून दिली. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट तिला लख्ख आठवत होती.

दुसरे म्हणजे निरोप. चोरून जाणे बंद झाले. जाणाऱ्याने सांगून जायचे, ती रडली तरी सांगूनच जायचे, आणि निरोप लांबवीत बसायचे नाही. परत केव्हा येणार हे तिच्या भाषेत सांगायचे. तीन वर्षांच्या मुलाला ‘दोन तासांनी’ किंवा ‘साडेबाराला’ यांचा काही बोध होत नाही. एकामागून एक काय घडते, हे मात्र त्याला पक्के समजते. शिशुविहारात सव्वाबाराला मुलांना दहीभात देतात. म्हणून आमचे ठरले : “प्रार्थना, मग खेळ, मग चित्र, मग दहीभात, आणि दहीभातानंतर आजी.” रोज फाटकापाशी हे पाढ्यासारखे म्हणायचे. बाकी जग इकडचे तिकडे झाले तरी दहीभातानंतर मी तेथे असायचे.

एकदा ते चुकले. गणेशोत्सवात गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात सकाळचा कार्यक्रम होता. तेथून निघाले, धो धो पाऊस आला, रिक्षा अडकली आणि मी पंचवीस मिनिटे उशिरा पोहोचले. सगळी मुले गेली होती. नात खिडकीशी होती. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, “अगं, कुठे उशीर झाला? आत्ताच तर दहीभात झाला!” त्या दिवशी मी खरे ते सांगितले : पाऊस आला, रिक्षा थांबली, आजीला उशीर झाला, तुला भीती वाटली असेल. ती माझ्या कुशीत शिरून मोठ्याने रडली. शिशुविहाराच्या आवारात ती रडल्याची ती पहिलीच वेळ. मिस ओशाळल्या, मला मात्र हायसे वाटले.

तिसरी गोष्ट शब्दांची. मुलाच्या मनात जे उसळते त्याला नाव नसते. नाव मोठ्यांनी पुरवावे लागते. नाव मिळाले की तो लोंढा थोडा आवरतो. येथील मुलांच्या चित्रपुस्तकांत हसरा, दुःखी आणि रागावलेला असे तीन चेहरे असतात आणि तेवढ्यावर भागविले जाते. आपल्या मराठीत केवढी श्रीमंती आहे! मूल रुसते, फुगते, फुरंगटते, हिरमुसते, बावरते, बुजते, खट्टू होते, हिरिरीला येते, मुसमुसते, हुरळते. यांतील कुठलाही एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. बाबांनी फोन उचलला नाही म्हणून ती हिरमुसली. चुलतभावाने तिचा पाट घेतला तेव्हा फुरंगटली. लिफ्टमध्ये अनोळखी गृहस्थांनी गाल ओढला तेव्हा बुजली. आम्ही ते त्या त्या वेळी म्हणू लागलो. महिन्याभरात ती आपण होऊन सांगू लागली, “आजी, मी आत्ता खट्टू आहे.” त्यानंतर ती काय हवे तेही सांगू शके, आणि आदळआपट आपोआप कमी झाली.

मूकपणाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही एका बालमानसतज्ज्ञ बाईंकडे गेलो. बंगळुरूकरांचे या बाबतीत भाग्य थोर म्हणावे लागेल. होसूर रस्त्यावरील ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय संस्था याच शहरातील. १९५४ साली येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि १९७४ साली जुने मनोरुग्णालय तिच्यात विलीन होऊन आजची संस्था उभी राहिली. तेथे दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मालविका कपूर यांनी कर्नाटकातील ग्रामीण शाळांतील मुलांबरोबर खेळाच्या माध्यमातून जे काम केले आणि आयुर्वेदादी परंपरांतील बालसंगोपनाचा जो शोध घेतला, त्याची ओळख मला याच निमित्ताने झाली. त्यांच्या २००७मधील इंग्रजी पुस्तकाच्या नावाचा आशयच असा आहे, की मुलांना काय शिकवावे हे मुलांकडूनच शिकावे.

आम्ही गेलो त्या बाईंनी नातीला तासभर खेळू दिले आणि आम्हाला बरेच प्रश्न विचारले. घरी मोकळेपणाने बोलते का? शिशुविहारात इतर मुलांकडे पाहते का, त्यांच्या जवळपास खेळते का? सांगितलेले समजते का? मग त्या म्हणाल्या, की घरी एक भाषा आणि बाहेर कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, इंग्रजी अशी खिचडी. अशा मुलांपैकी काही कित्येक आठवडे, क्वचित काही महिने, नुसती ऐकत राहतात. नव्या भाषेचे पाणी किती खोल आहे, हे पाहिल्याशिवाय ती उडी मारीत नाहीत. भाषा पुरेशी येत असूनही शाळेत बोलणे बंद राहिले, आणि प्रवेशाचा पहिला महिना सोडून पुढेही ते तसेच चालले, तर ती वेगळी बाब असते आणि तिच्यावर उपचार असतात. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा या. तोवर बोलण्याची सक्ती नको, ‘बोललीस तर चॉकलेट’ नको, आणि तिच्यादेखत पाहुण्यांना ‘ही शाळेत बोलतच नाही बरं का’ असे सांगणे तर मुळीच नको. हे शेवटचे कलम बहुधा माझ्यासाठीच होते.

खेळण्यांवरून होणाऱ्या भांडणांविषयीही त्यांनी दिलासा दिला. दोन-तीन वर्षांची मुले बहुतांशी एकमेकांसोबत न खेळता एकमेकांशेजारी खेळतात. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ सालीच हे नोंदवून ठेवले आहे. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून निराळे काही असू शकते, ही समज बहुतेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास येते. तोवर ‘वाटून घे’ हा उपदेश त्यांच्या डोक्यावरून जातो. खेळण्याची पाळी ठरवून देणे त्यांना समजते.

सांभाळणाऱ्या बाईंचा मुलगा

या साऱ्या गडबडीत एक गोष्ट माझ्या नजरेआड राहिली होती. नातीला सांभाळण्यासाठी येणाऱ्या बाई रायचूर जिल्ह्यातील. वय फार तर सव्वीस. दसऱ्याच्या आधी त्यांनी आठ दिवसांची रजा मागितली. सुनेच्या कामाचा नेमका तोच आठवडा घाईचा. तिने “दिवाळीत घ्या ना” म्हटले. बाई ‘बरं’ म्हणाल्या. संध्याकाळी भांडी आवरताना त्या माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलल्या, “अम्मा, मुलाला सांगून आले होते, दसऱ्याला येते म्हणून.” त्यांचा चार वर्षांचा मुलगा गावी आजीपाशी असतो, हे मला त्या दिवशी कळले. वर्षभर त्या आमच्या घरात वावरत होत्या आणि त्यांना मूल आहे की नाही, हेही मी विचारले नव्हते. आमच्या नातीला दहीभाताचा पाढा शिकविणाऱ्या मंडळींनी एका मुलाची आई ठरल्या वेळी जाऊ द्यायची की नाही, याचा विचार चालविला होता! सुनेला मी हे सांगितले. तिने त्याच रात्री बसचे तिकीट काढून दिले आणि चार दिवस घरूनच काम करण्याची परवानगी मिळविली.

या शहरात अशा आया किती असतील! पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रस्ता येथील कपड्यांच्या कारखान्यांत प्रामुख्याने स्त्रियाच काम करतात. कारखान्यात पाळणाघर हवे, हे १९४८च्या कायद्यात लिहिले गेले. १९७६च्या दुरुस्तीने तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना ते बंधनकारक झाले. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात सुधारणा होऊन पन्नास व त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याची मुभा मिळाली. चार वेळा, हे आकड्यात लिहून ठेवणाऱ्याला मुलांचे मन ठाऊक असले पाहिजे.

बाईंचा मुलगा गावी अंगणवाडीत जातो. ‘अंगनवाडी’ हा शब्द त्यांच्या कन्नडमधून ऐकताना मला कोसबाड आठवले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले आणि अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मूल घाबरते ते अनोळखी जागेला. मग ओळखीच्या जागेत, आईच्या नजरेच्या टप्प्यात शाळा का भरवू नये, इतका सरळ तो विचार होता. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात तेहतीस ठिकाणी सुरू झाली. कर्नाटकातील पहिले ठिकाण म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर. आज ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर झाले आहे. त्या सेविकांच्या मानधनाची आणि त्यांच्यावर लादलेल्या नोंदवह्यांची कथा निराळी. ती येथे काढली तर लेख संपणार नाही.

बाई आठव्या दिवशी परतल्या. मुलाने पहिले दोन दिवस त्यांच्याशी बोलणे टाकले होते म्हणे, तिसऱ्या दिवशी मांडीवरून उतरेना. निघताना त्या चोरून निघाल्या नाहीत. “संक्रांतीला येते म्हटलं,” त्या म्हणाल्या, आणि सुनेने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जानेवारीच्या त्या चौकटीभोवती लाल शाईने वर्तुळ काढले.

डिसेंबरमध्ये एके दिवशी मी शिशुविहारात दहा मिनिटे लवकर पोहोचले. मिसनी मला पाहिले, ओठांवर बोट ठेवले आणि दाराच्या आडोशाला उभे राहण्याची खूण केली. आत एक नवा मुलगा आला होता. त्याचा तो दुसरा की तिसरा दिवस असावा. तो रस्त्याकडच्या त्याच खिडकीशी उभा राहून मुसमुसत होता. माझी नात आपल्या जागेवरून उठली, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि थोडा वेळ तीही बाहेर पाहत राहिली. मग त्याच्या सदऱ्याची बाही ओढून तिने स्पष्ट, खणखणीत कन्नडमध्ये सांगितले, “अळबेडा. मोसरन्ना आद्मेले अम्मा बर्ताळे.” रडू नको. दहीभातानंतर आई येते.

सहा महिन्यांत तिच्या तोंडून तेथे उमटलेले ते पहिले वाक्य. मिसनी डोळ्यांना पदर लावला. मुलाने मात्र तिच्याकडे संशयाने पाहिले आणि नाक पुसले.

आत दहीभाताची भांडी वाजू लागली होती. मला पाहिले असते तर पाढा चुकला असता, म्हणून मी पाऊल न वाजविता फाटकाबाहेर गेले, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत चालत जाऊन आले आणि वेळ होताच पुन्हा आत शिरले. त्या मुलाची आई माझ्यामागून पाच मिनिटांनी, डोक्यावर हेल्मेट तसेच ठेवून, धावत आली.